मी हरकत घेतली
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. भाषणाची सवय नाही, चुकले तर सांभाळून घ्या.

सात वर्षांपूर्वी माझे धाकटे दीर रात्रपाळी करून एका सोबत्यासह सायकलवरून घरी येत होते. दारू पिऊन गाडी चालविणाऱ्या एका तरुणाने दोघांनाही उडविले. दोघेही जागीच गेले. कोर्टाने त्याला पाच वर्षांची सक्तमजुरी दिली. त्यातले दीड वर्ष झाले नाही तोच पोलीस आमच्या दारात आले. बहिणीच्या लग्नासाठी त्याने रजा मागितली होती, आणि आमचा जबाब हवा होता.

आपण जिला पॅरोल म्हणतो, तिला सरकारी कागदात ‘अभिवचन रजा’ म्हणतात. परत येईन असा शब्द देऊन मिळणारी रजा. घरातला मृत्यू, आजार, लग्न अशा कारणासाठी ती मागता येते. मला हे तोवर ठाऊकही नव्हते. जाऊबाई म्हणाल्या, “ताई, तुम्ही सांगाल ते.” त्यांना त्या दिवसापासून कोर्टकचेरीचे नाव काढले की कापरे भरते.

दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. बाई गरीब, पायांत चप्पल नाही. मी पाट दिला, चहा दिला. त्या रडल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आले, खोटे कशाला सांगू? पण त्याच वैशाखात माझ्या पुतणीचे लग्न होते, आणि कन्यादानाला बापाच्या जागी माझे यजमान बसायचे होते. मी म्हटले, “बाई, उद्या तुमच्या घरी कोणाचे बरेवाईट झाले, तर त्याला अग्नी द्यायला खुशाल सोडोत, मी तोंड उघडणार नाही. लग्नात मिरवायला मात्र नाही.” जबाबातही हेच लिहून दिले आणि सही केली.

आपल्यातल्याच काही जणी तेव्हा म्हणाल्या, चार दिवसांनी काय बिघडले असते? त्यांना मुंबईचा एक खटला सांगते. २००६ च्या नोव्हेंबरात वांद्र्याच्या कार्टर रोडवर, पहाटेच्या सुमारास, रस्त्याच्या कामावरचे मजूर फुटपाथवर झोपले होते. मोटार त्यांच्या अंगावर गेली. ७ मेले, ८ जखमी झाले. कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपर्यंतच दारू चालते. मोटार हाकणाऱ्याच्या रक्तात ११२ निघाली. खालच्या कोर्टाने शिक्षा दिली ६ महिने! २००७ मध्ये हायकोर्टाने ती ३ वर्षे केली. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तीच कायम ठेवली आणि ही शिक्षा फारच कमी असल्याचे म्हटले. पण सरकारने वाढ मागणारे अपीलच केले नव्हते. मागणारे कोणी नसले की असे होते. शिक्षा आधीच एवढीशी. तिच्यातून रजा द्यायची, तर मेलेल्याच्या घरी विचारायला नको का? आम्हांला विचारले, म्हणून मी बोलले.

त्याला रजा मिळाली नाही. पुढे शिक्षा भोगून तो सुटला. त्याची आई आठवडी बाजारात दिसते. एकमेकींकडे न पाहता आम्ही जातो. गेल्या महिन्यात वांगी निवडताना त्या शेजारी आल्या आणि हळूच म्हणाल्या, “मुलगी बरी नांदते आहे.” मी म्हटले, “बरे झाले,” आणि पिशवी उचलली.