सुंदरीच्या वैविध्याची मोजदाद



कोलकात्याच्या एस्प्लनेडहून चौरंगीच्या मार्गाने थोडे दक्षिणेस गेले की १८१४ मध्ये स्थापन झालेले भारतीय संग्रहालय लागते. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचा औद्योगिक विभाग याच वास्तूत आहे. वाळवून जपलेला नमुना वनस्पतीची जाती सांगतो. परंतु त्याच जातीतील दोन झाडे जनुकीयदृष्ट्या किती भिन्न आहेत, हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी जनुकीय चिन्हके लागतात.

शहराच्या दक्षिणेकडील सुंदरबनाचे उदाहरण घेऊ. सुंदरी वृक्षावरून या वनाला नाव मिळाले, असे मानले जाते. गोड्या पाण्याचा ओघ घटून क्षारता वाढल्याने भारतीय भागात हा वृक्ष विरळ झाला आहे. एखाद्या वृक्षाची संख्या घटली की निकटच्या नात्यातील झाडांतच परागण होऊ लागते आणि परिस्थितीशी जुळवून घेण्याची क्षमता क्षीण होते.

चिन्हक तयार कसे होते? पानांतून डीएनए वेगळा काढून त्याचा क्रम वाचतात. त्यात एक ते सहा अक्षरांची लागोपाठ पुनरावृत्ती असलेले तुकडे, म्हणजेच मायक्रोसॅटेलाइट, शोधतात. तुकड्याच्या दोन्ही बाजूंना जुळणारे प्रायमर बनवून पीसीआर तंत्राने त्याच्या असंख्य प्रती काढतात. पुनरावृत्तींची संख्या झाडागणिक बदलू शकते, म्हणून तुकड्याची लांबीही बदलते. अनेक झाडांवर तपासून जे तुकडे भिन्नता दाखवतात व दर वेळी तोच निष्कर्ष देतात, तेवढेच स्वीकारले जातात.

१९९० मध्ये पुढे आलेल्या आरएपीडी पद्धतीत क्रम आधी ठाऊक असावा लागत नसे. मात्र तिचे निष्कर्ष प्रयोगागणिक बदलत. शिवाय आई व वडील या दोघांकडून आलेली रूपे तिच्यात वेगळी ओळखता येत नसत. मायक्रोसॅटेलाइटने ती ओळखता येतात.

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा नाही. २०२० च्या अम्फान वादळानंतर खारफुटी लागवडीची निकड वाढली. २०२३ मध्ये केंद्राची ‘मिष्टी’ योजना सुरू झाली. मोजक्याच मातृवृक्षांच्या बियांपासून हजारो रोपे लावली, तर वन हिरवे दिसेल, पण त्याचा जनुकीय पाया अरुंद राहील. बिया किती आणि कोणत्या वृक्षसमूहांतून घ्याव्यात, हे ठरविण्यास चिन्हके साहाय्य करतात.

त्यांची मर्यादाही ध्यानात ठेवावी. बहुतेक मायक्रोसॅटेलाइट तटस्थ असतात. कोणते झाड क्षार सोसेल, हे ते सांगत नाहीत. त्यासाठी प्रत्यक्ष लागवडीच्या चाचण्या आवश्यक ठरतात. म्हणूनच वनसंवर्धनाचे यश मोजताना लावलेल्या रोपांच्या संख्येबरोबरच त्यांच्यातील वैविध्याचीही नोंद व्हावयास हवी.