गळ्यातल्या सह्या



जुन्या गोव्यातील बॉम जेझूच्या मंदिरात ज्याचा देह चांदीच्या पेटीत ठेवलेला आहे, त्या फ्रान्सिस झेवियरच्या पत्रव्यवहाराविषयी आज बोलावे असे मी योजिले आहे. त्याच्या चमत्कारांविषयी बोलणारे अधिकारी पुरुष पुष्कळ आहेत.

१५४० च्या मार्चात झेवियरने रोम सोडले, आणि पॅरिसच्या विद्यार्थिदशेत ज्याच्याशी एका खोलीत बिऱ्हाड केले त्या इग्नेशियस लोयोलाची व त्याची पुन्हा गाठ पडली नाही. ६ मे १५४२ रोजी तो गोव्यास उतरला, तेव्हापासून या दोघांचा सारा व्यवहार गलबतांच्या मेहेरबानीवर चालला. लिस्बनचे आरमार वसंतात निघे ते आपल्याकडचा पावसाळा सरता सरता गोव्यास लागे, परतीचे टपाल जानेवारीच्या सुमारास कोचीनहून रवाना होई. आणि झेवियर त्या वेळी मलाक्क्याच्या पलीकडे कोठे असला तर आणखी वर्ष-दीड वर्ष सहज मोडे. गलबत बुडण्याच्या धास्तीने एकाच पत्राच्या नकला निरनिराळ्या जहाजांवर चढवीत. इग्नेशियस तर जातीचा दप्तरदार: चारचौघांस दाखविण्याजोगा मजकूर मुख्य पत्रात आणि आतल्या गोष्टी निराळ्या कागदावर लिहाव्यात, अशी त्याची सहकाऱ्यांस ताकीदच असे.

अशा टपालातून सल्ला तो कसला मिळणार? उत्तर येईपर्यंत अडचण निकालात निघालेली असे, किंवा अडचणीत सापडलेला मनुष्य तरी!

सल्ला चाले तो जवळच्या जवळ. १५४४ साली तामिळ किनाऱ्यावरील परवर कोळ्यांमध्ये काम करणाऱ्या मान्सिल्हास या सहकाऱ्यास झेवियर मणप्पाड, तुतिकोरीन अशा गावांहून लहान लहान चिठ्ठ्या धाडीत असे. लोकांवर संतापू नये, धीर धरावा, ममतेने वागवावे, हाच त्यांचा सूर. त्या वेळेवर पोहोचत, कामी येत. आणि मोडला तो नेमका हाच संबंध, कारण पुढे मलुकू बेटांकडे जाण्याचा हुकूम मान्सिल्हासने मानला नाही, तेव्हा झेवियरने त्यास येशूसंघातून काढून टाकले.

उलट १५४६ च्या मे महिन्यात अंबॉयना बेटावरून युरोपातील सोबत्यांना तो कळवितो, की तुमच्या पत्रांतील तुमच्या हातच्या सह्या कातरून, माझ्या व्रताच्या प्रतिज्ञापत्रासह मी सदैव जवळ बाळगतो. उपदेशाचा कागद राहू द्यावा आणि सहीचा तुकडा तेवढा अंगावर वागवावा, ही निवड त्याची स्वतःची होती. त्याच महिन्यात, त्याच बेटावरून, त्याच लेखणीने गोव्यात इन्क्विझिशन बसवावे अशी विनंती त्याने पोर्तुगालच्या राजास केली, हेही येथे झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. १५६० साली ते बसले, आणि गोमंतकाने त्याचे जे भोगले ते आपणांस ठाऊकच आहे.

२८ जून १५५३ रोजी इग्नेशियसने रोमहून झेवियरला युरोपात परत येण्याची आज्ञा लिहिली. चीनच्या किनाऱ्याजवळील शांगचुआन बेटावर, कँटनला नेणाऱ्या नावेची वाट पाहत, झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजीच वारला होता.