रोज थोडं, पण रोज


पोशीर, कळंब, नेरळ परिसरातल्या आईबाबांशी आज बोलायचंय.

2021 मध्ये देशात ‘निपुण भारत’ अभियान सुरू झालं.
तिसरी संपेपर्यंत मुलाला समजून वाचता यावं, लिहिता यावं, साधं गणित जमावं, हा त्याचा हेतू.

घरी काय करायचं?
रोज थोडं, पण रोज.

सोमवारी बाजारात जाताना पाट्या वाचायला सांगा.
मंगळवारी त्यातलेच चार शब्द लिहू द्या.

बुधवार, गुरुवार मात्र गणिताला द्या.
मूठभर चिंचोके घ्या.
दहा-दहाचे ढीग करा.
एक ढीग म्हणजे एक दशक.
उरले ते एकक.
आता वजाबाकी.
सुटे कमी पडले?
मग एक ढीग मोडा.
हातचा कुठून येतो, ते मुलाला दिसतं.
नुसती पाठ केलेली रीत पुढे अडते.
इथे घाई नको.

शुक्रवारी आजीची गोष्ट.
ती ठाकरी किंवा कातकरी बोलीत असेल, तर फारच छान!
मुलानं तिच्या दोन ओळी लिहायच्या.

शनिवारी मूल वाचेल, तुम्ही ऐका.
तुम्हाला वाचता येत नसलं, तरी चालेल.
फक्त विचारा, “मग पुढे काय झालं?”

रोज थोडं, पण रोज.