नवऱ्यालाही तपासा



पुरुषांचं लैंगिक आरोग्य आणि आनुवंशिकता हा विषय मीरा-भाईंदरमधल्या आपण डॉक्टरांनी परिषदेसाठी घेतलात, याचा मला आनंद आहे. यावर बोलणं पूर्वी सोपं नव्हतं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून उत्तरं दिली म्हणून 1934 साली रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यावर खटला चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू लढवली, तरी दंड झालाच. पुढे डॉ. प्रकाश कोठारींनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात लैंगिक वैद्यकाचा विभाग उभा केला, डॉ. विठ्ठल प्रभूंचं ‘निरामय कामजीवन’ हे पुस्तक मराठी घरांत पोचलं. एवढं होऊनही मूल होत नाही म्हटलं की आपल्या दवाखान्यात आधी येते ती सून, बरोबर सासू. तिची सोनोग्राफी होते, हार्मोन्स होतात, नळ्या तपासून होतात. नवऱ्याची साधी वीर्यतपासणीही व्हायची असते. मला हा अन्याय वाटतो, आणि तो थांबवणं आपल्या हातात आहे.

शब्दशः हातात. बारा लंबगोल मण्यांची एक माळ मिळते, ऑर्किडोमीटर. 1 मिलीपासून 25 मिलीपर्यंतचे मणी. एका हाताने वृषण चाचपायचं, दुसऱ्या हातात त्याच मापाचा मणी शोधायचा. प्रौढ पुरुषात माप साधारण 15 मिलीच्या पुढे असतं. ते चारच्या आसपास आणि वृषण घट्ट लागले, तर क्लाइनफेल्टरचा संशय घ्यायचा. म्हणजे XY ऐवजी XXY गुणसूत्रं. डॉ. हॅरी क्लाइनफेल्टर यांनी 1942 मध्ये ही लक्षणं नोंदवली, जादा X चा उलगडा 1959 मध्ये झाला. सुमारे 600 मुलग्यांमागे एक, असं हे प्रमाण आहे. 2011 च्या जनगणनेत मीरा-भाईंदरमध्ये चार लाखांहून जास्त पुरुष होते. हिशेब केलात तर आपल्या शहरातच असे सहाशेच्या वर निघावेत. जगभरात अशा बहुतेकांचं निदान होतच नाही. इच्छा कमी, थकवा, हाडं ठिसूळ, आणि माणूस वर्षानुवर्षं स्वतःलाच कमी समजत राहतो. टेस्टोस्टेरॉन देऊन यातलं बरंच सुधारतं. मात्र मूल हवं असेल तर इंजेक्शन लिहिण्याआधी तज्ज्ञांकडे पाठवा, कारण त्याच इंजेक्शनाने शुक्रजंतू बनायचे थांबतात. जिममध्ये ते घेणाऱ्या पोरांनाही हे सांगायला हवं.

हाताच्या त्याच तपासणीत वृषणामागची शुक्रवाहिनी चिमटीत दोरीसारखी लागते. दोन्ही बाजूंना लागलीच नाही, तर बहुधा सीएफटीआर जनुकात बदल असतो. या माणसाची इच्छा, ताठरता, संबंध सगळं उत्तम असतं. फक्त शुक्रजंतूंना बाहेर यायला वाट नसते. मर्दानगी आणि मूल होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे घरच्यांना समजावायला याहून चांगलं उदाहरण नाही. इथे पत्नीचीही जनुकतपासणी करावीच लागते. दोघांतही बदल असला तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला सिस्टिक फायब्रोसिस होण्याची शक्यता 25 टक्के किंवा त्याहूनही जास्त असते.

तिसरी गोष्ट Y गुणसूत्राची. काही पुरुषांत त्याचे काही तुकडे गळलेले असतात. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने वीर्यात शुक्रजंतू नसलेल्या भारतीय पुरुषांच्या 2003 च्या अभ्यासात हे साडेआठ टक्के जणांत पाहिलं. Y वरचा एझेडएफ-ए किंवा बी हा भाग पूर्ण गेला असेल तर वृषणातून शुक्रजंतू मिळण्याची आशा जवळपास नाही. सी गेला असेल तर पुष्कळदा मिळतात. म्हणून ही रक्ततपासणी शस्त्रक्रियेच्या आधी व्हायला हवी. कर्ज काढून, दागिने मोडून आलेल्या जोडप्याचे पैसे आणि यातना दोन्ही वाचतात. आणि सी प्रकारात मुलगा झाला तर तोच तुकडा गळलेलं बापाचं Y त्याला मिळणार, हे आधी सांगणं आपलं कर्तव्य आहे.

ताठरतेच्या तक्रारीत आनुवंशिकतेचा वाटा आहे, पण इतका सरळ नाही. 2018 मध्ये 36 हजारांहून जास्त पुरुषांच्या अभ्यासात सहाव्या गुणसूत्रावर, सिम-1 जनुकाजवळ, धोका वाढवणारी एक जागा सापडली. आपल्या भागात मात्र मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो घराण्यातला मधुमेह, रक्तदाब आणि लहान वयातला हृदयविकार. लिंगातल्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक. त्या आधी तुंबतात. चाळिशीतला माणूस खाली मान घालून ही तक्रार सांगतो तेव्हा त्याच्या हृदयाची सूचना काही वर्षं आधी आपल्यापर्यंत आलेली असते. त्याला नुसती गोळी देऊन वाटेला लावू नका. साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब बघा, वडिलांचं काय झालं ते विचारा. जनुकं बदलता येत नाहीत. तंबाखू सोडता येते, वजन उतरवता येतं, साखर ताब्यात ठेवता येते.

हे सगळं आपण बोललो नाही तर रेल्वेच्या कडेच्या भिंती बोलतात. लैंगिक ताकद वाढवण्याच्या जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी आहे, तरी ‘गुप्तरोग’ लिहिलेल्या पाट्या दिसतातच. तिथे पैसे घालवून मग आपल्याकडे येणारे रुग्ण तुम्ही सगळ्यांनी पाहिले आहेत.

माझी विनंती एवढीच. मूल होत नाही म्हणून जोडपं आलं की दोघांचे केसपेपर एकाच दिवशी काढा. पत्नीला एकही खर्चिक चाचणी लिहिण्याआधी नवऱ्याची वीर्यतपासणी झालेली असू द्या, आणि त्याला स्वतःच्या हाताने तपासा.