लिलिपुट आणि वामनमूर्ती
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. मी इंग्रजी शब्दांवर बोलणार म्हटल्यावर तुम्हांला हसू येईल. पण अशाच एका शब्दाने माझ्या घरात रडू आणले, म्हणून उभी राहिले आहे.

माझी धाकटी मुलगी अंगाने लहानखुरी. एके दिवशी शाळेतून आली, ती दप्तर टाकून रडूच लागली. वर्गातल्या मुली तिला ‘लिलिपुट’ म्हणत होत्या. ही शिवी की काय, मला कळेना. रात्री भांडी आवरल्यावर थोरल्या मुलाने मला सगळी गोष्ट मराठीत सांगितली.

जोनाथन स्विफ्ट यांनी ती १७२६ साली लिहिली. गलिव्हरचे जहाज फुटून तो लिलिपुट बेटावर पोचतो. तिथली माणसे सहा इंचांची, वीतभरसुद्धा नाहीत! तो त्यांच्या बारापट. उंचीला बारा, रुंदीला बारा, जाडीला बारा; म्हणजे १७२८ माणसांचे जेवण या एकट्याला. माणशी दोन भाकरी धरल्या तरी ३४५६ झाल्या. कोण थापणार?

पुढे तोच गलिव्हर ब्रॉबडिंगनॅग देशात जातो. तिथली माणसे मनोऱ्याएवढी. एक नऊ वर्षांची मुलगी त्याला बाहुलीच्या पाळण्यात निजवते! या दोन देशांच्या नावांवरूनच इंग्रजीत अतिलहान आणि अतिमोठे यांना शब्द मिळाले. ‘गार्गांच्युअन’ हा तिसरा शब्द राबले या फ्रेंच लेखकाच्या गोष्टीतला. त्यातल्या गार्गांच्युआ बाळाला १७,९१३ गाईंचे दूध लागे.

आपणही गोष्टींतूनच मापे घेतो. धिप्पाड माणूस भीमकाय, खादाड तो बकासुर, गड्ड्याच्या जत्रेतली पाळण्यापुढची रांग म्हणजे मारुतीचे शेपूट, आणि ठेंगणा माणूस म्हणजे वामनमूर्ती. पण त्याच वामनाने दोन पावलांत पृथ्वी आणि स्वर्ग व्यापले, हे चिडवणारा विसरतो.

लिलिपुटचेही तसेच. अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून ती माणसे लढाया करतात. उलट गलिव्हरने बंदुकीची दारू करण्याची कृती देऊ केली, तेव्हा त्या धिप्पाड लोकांचा राजा शहारला आणि नको म्हणाला. मग लहान कोण, मोठा कोण?

हे सगळे मी मुलीला सांगितले. पुढे तिला कोणी चिडवले नाही असे नाही. पण ती रडत घरी आली नाही. उलट, “गोष्ट ठाऊक आहे का?” असे विचारून तिने मैत्रिणींना ती सांगितली.

भगिनींनो, हळदीकुंकवाला बसल्यावर आपणही कोणाच्या सुनेला ठेंगणी, कोणाच्या लेकीला ताडमाड म्हणतो. ते तिच्या मनाला किती लागते, हे मी माझ्या घरी पाहिले आहे. शब्द तोंडातून काढण्याआधी गोष्ट पुरी ऐकावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.