अंत्यविधीचा व्यवसाय

महाराष्ट्रातील खेड्यात मृत्यूची वार्ता पसरली की बोलावणे न धाडताच माणसे जमतात. कोणी बांबू आणतो, कोणी तिरडी बांधतो, कोणी सरण रचतो. मोबदल्याचा विचारही कोणाच्या मनास शिवत नाही. म्हणूनच हे काम द्रव्य घेऊन करणाऱ्याविषयी समाजाला सहसा आदर वाटत नाही. अमेरिकेत मात्र हा एक स्वतंत्र, शिक्षणावर उभा असलेला व्यवसाय आहे.

तेथेही पूर्वी आप्त आणि शेजारीच मृताला स्नान घालीत व शवपेटी गावचा सुतार करून देई. पुढे पेटी करणाराच हळूहळू सर्व व्यवस्था पाहू लागला. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात दूरच्या रणांगणावर पडलेल्या सैनिकांचे देह घरी पोचवावयाचे असत. त्यामुळे रक्तवाहिन्यांतून रसायने भरून देह टिकविण्याची कला रूढ झाली आणि सुताराच्या धंद्याला शास्त्राची जोड मिळाली.

आज बहुतेक राज्यांत या व्यावसायिकाला परवाना लागतो. त्यासाठी शरीररचना, रसायनशास्त्र आणि कायदा यांचा अभ्यास करून उमेदवारी करावी लागते. अपघाताने विद्रूप झालेला चेहरा घरच्यांना पाहवेल असा करणे, मृत्यूचा दाखला व दहन-दफनाचे परवाने वेळेवर मिळविणे, ज्यू कुटुंबाला दफनाची त्वरा असते आणि मुसलमान कुटुंबाला स्नान व कफन स्वतःच्या रीतीने करावयाचे असते हे जाणणे, ही सारी त्याची कामे. मध्यरात्री हाक आली तरी स्वर शांत हवा, आणि घरात जे दिसले ते बाहेर जाता कामा नये.

परंतु खरी कसोटी निराळीच आहे. या दुकानात येणारा गिऱ्हाईक घासाघीस करीत नाही. दुःखाने त्याची बुद्धी बधिर झालेली असते आणि स्वस्त पेटी निवडणे त्याला प्रेमातील कसूर वाटते. या दुर्बलतेचा लाभ घेतला जातो, असा आरोप जेसिका मिटफर्ड यांनी १९६३ साली आपल्या ग्रंथात केला आणि मोठी खळबळ उडाली. पुढे १९८४ मध्ये अमलात आलेल्या नियमाने प्रत्येक वस्तूचा व सेवेचा वेगळा दर लिहून देणे बंधनकारक झाले. कायद्याची सक्ती नसताना रसायने भरणे सक्तीचे आहे असे सांगण्यासही मनाई झाली. जे सद्सद्विवेकाने व्हावयाचे, ते कायद्याला करावे लागले.

तरीही कायदा दरपत्रक देऊ शकतो. सहृदयता देऊ शकत नाही. अमेरिकेतील एखाद्या मराठी कुटुंबात वडील निवर्ततात, तेव्हा मुलाला त्यांच्या मुखी गंगाजल व तुळशीपत्र घालावयाचे असते, स्वतःच्या हाताने अग्नी द्यावयाचा असतो. तेथे सरण नसते, विजेचे किंवा वायूचे दाहयंत्र असते. जाणता व्यवस्थापक आधीच विचारपूस करतो, पेटीजवळ कुटुंबाला अवकाश देतो, जेथे सोय असेल तेथे यंत्राची कळ मुलालाच दाबू देतो आणि स्वतः दोन पावले मागे सरतो.

खेड्यातला शेजारी हे कोठे शिकला नव्हता. परक्या देशातील या माणसाला ते शिकून करावे लागते. पुढे केव्हा व्हावे आणि मागे केव्हा सरावे, हे ज्याला उमगले, त्याने मोबदला घेतला तरी तो शेजारीच ठरतो.