दुरून चालू होणारी मोटार आणि तिचा पहारेकरी

कॅनडा देशाच्या मॅनिटोबा प्रांतांत विनिपेग नांवाचें शहर आहे. तेथील जानेवारी महिन्याचें सरासरी तपमान शून्याखालीं सुमारें १६ अंश सेंटिग्रेड असतें, आणि थंडीची लाट आली म्हणजे पारा उणे ३० च्याहि खालीं उतरतो. पुण्याच्या श्रोत्यांस माघांतील पहाटेचा गारठा ठाऊक असतो. पण शाल आणि चहाचा पेला यांवर भागणारी ही थंडी नव्हे. अशा रात्रीं अंगणांत उभ्या राहिलेल्या मोटारीच्या एंजिनांतील तेल काकवीसारखें दाट होतें, बॅटरीचा जोर ओसरतो, कांचेवर बर्फाचा थर बसतो, आणि सकाळीं आंत जाऊन आसनावर बसणें हेंच एक दिव्य होऊन बसतें. म्हणून तेथील गृहस्थ स्वयंपाकघरांत कॉफी घेत असतांनाच हातांतल्या लहानशा पेटीची कळ दाबतो. बाहेर मोटार आपोआप चालू होते आणि तो कोट चढवून निघेपर्यंत आंतून उबदार झालेली असते. या योजनेस रिमोट स्टार्टर म्हणतात.

याच विनिपेगची दुसरीहि एक ख्याति होती, आणि ती भूषणावह नव्हती. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत लोकसंख्येच्या मानानें मोटारचोऱ्यांच्या बाबतींत कॅनडांतील मोठ्या शहरांमध्यें तें अग्रभागीं होतें. चोर पुष्कळदां पोरसवदा असत. गाडी विकण्यापेक्षां ती भरधाव पिटाळण्यांतच त्यांस गंमत वाटे, आणि त्या गमतींत रस्त्यावरचीं माणसें जायबंदी होत, मरतहि. २००५ सालापासून प्रांताच्या सरकारी विमा मंडळानें पोलिसांच्या सहकार्यानें मोहीम हातीं घेतली. ज्या गाड्या चोरांच्या विशेष आवडीच्या, त्यांना चोरबंदीचें यंत्र फुकट बसवून देण्यांत आलें आणि २००७ मध्यें तें सक्तीचें झालें. चोऱ्या झपाट्यानें उतरल्या. त्याच वर्षाच्या १ सप्टेंबरपासून कॅनडांत विकल्या जाणाऱ्या नव्या लहान मोटारींना असें यंत्र असणें कायद्यानें आवश्यक ठरलें. ब्रिटननें हा नियम १९९८ सालींच केला होता.

अशा रीतीनें एकाच अंगणांतील एकाच गाडीस दोन परस्परविरुद्ध आज्ञा झाल्या. धन्याची किल्ली कुलपांत नसेल तर चालूं नकोस, ही एक. किल्ली धन्याच्या खिशांत आणि धनी घरांत असतांना चालू हो, ही दुसरी. गाडीला रिमोट स्टार्टर बसविणाऱ्या कारागिराचें खरें कसब हा तंटा मिटविण्यांत आहे.

चोरबंदीच्या या यंत्रास इमोबिलायझर असें नांव आहे. भोंगा वाजवून आळी जागी करणें हें त्याचें काम नाहीं. तें गप्प राहून नकार देतें. किल्लीच्या मुठींत एक इवलीशी चिप बसविलेली असते. तिला स्वतःची बॅटरी नसते. कुलपाच्या तोंडाभोंवतीं तारेचें एक वेटोळें असतें. किल्ली फिरली कीं त्या वेटोळ्याभोंवतीं चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें आणि तेवढ्या शक्तीवर चिप क्षणभर जागी होऊन आपली खूण सांगते. पुढें ही खूण नुसत्या पाठांतरासारखी राहिली नाहीं. गाडी दर वेळीं एक नवी संख्या पुढें करते, चिप आपल्या गुप्त संख्येच्या साहाय्यानें तिचें गणित सोडविते, आणि उत्तर जुळलें तरच एंजिनाचा संगणक इंधन व ठिणगी यांस वाट देतो. न जुळल्यास कांहीं गाड्या मुळींच सुरू होत नाहींत, तर कांहीं एक-दोन सेकंद गुरगुरून विझतात. या विद्येचा आरंभ फारच बाळबोध होता. १९८६ च्या कॉर्व्हेट गाडीसाठीं जनरल मोटर्स कंपनीनें किल्लीच्या पात्यांत विजेस ठराविक अडथळा करणारा एक मणी बसविला. असे मणी अवघ्या १५ प्रकारचे होते.

रिमोट स्टार्टरचें स्वतःचें काम त्या मानानें सरळ आहे. १९१२ सालीं कॅडिलॅक गाडीला विजेचा स्टार्टर लागला आणि हँडल मारण्याची कसरत सुटली, तरी हात गाडीपर्यंत न्यावा लागतच होता. तो हातहि आतां वांचतो. सुकाणूखालीं ज्या जाड तारा असतात त्यांना हें यंत्र किल्लीच्याच क्रमानें वीज पुरवितें, एंजिनानें वेग धरला असें दिसतांच स्टार्टर सोडून देतें, आणि नेमलेलीं मिनिटें संपलीं कीं सर्व बंद करतें. डिझेल गाडी असल्यास ग्लोप्लग तापेपर्यंत मध्यें थोडा दम खावा लागतो, इतकेंच. येथवर कोणत्याहि जाणत्या वायरमनचें काम अडत नाहीं. अडतें तें पहारेकऱ्यापाशीं.

पहारेकऱ्याची समजूत घालणाऱ्या जोडणीस बायपास म्हणतात. आळशी कारागीर काय करतो? मालकाकडून जादा किल्ली मागून घेतो, तींतील चिप काढतो आणि कुलपाजवळच्या वेटोळ्याशेजारीं चिकटपट्टीनें कायमची चिकटवून टाकतो. रिमोट स्टार्टर झकास चालतो. मालक खूष होतो, पैसे देतो, घरीं जातो. परंतु त्या दिवसापासून गाडीला कोणीहि प्रश्न विचारला तरी उत्तर तयारच असतें! नुसती धातूची कापलेली किल्ली, किंबहुना कुलूप फोडून खुपसलेला स्क्रूड्रायव्हर, हीसुद्धां चिप बाळगणाऱ्या किल्लीइतकीच प्रतिष्ठित होते. पहारेकरी जागेवर उभा असतो, त्याचा दिवाहि लुकलुकतो. फक्त त्याची झडती घेण्याची शक्ति गेलेली असते, आणि मालकास याची वार्ताहि नसते. विम्याचा हप्ता भरणाऱ्या गृहस्थाची ही उघड उघड फसवणूक होय.

नेकीचा कारागीर तीच जादा किल्ली घेतो, पण ती एका लहान पेटींत, तारेच्या दुसऱ्या वेटोळ्यांत ठेवतो आणि ती पेटी डॅशच्या पोटांत सहज हात न पोंचेल अशा ठिकाणीं बांधतो. दोन वेटोळ्यांच्या मध्यें एक रिले असतो. रिमोट स्टार्टरनें हुकूम दिला तरच तो रिले जोडला जातो आणि आंतल्या चिपचें उत्तर कुलपापर्यंत पोंचतें. एरवीं पेटी मुकी. किल्लीचें पातें तो आधींच कापून टाकतो, म्हणजे चोरास पेटी सांपडली तरी कुलूप उघडणारी किल्ली सांपडत नाहीं. अलीकडच्या गाड्यांत किल्ली पुरून ठेवण्याचें प्रयोजन बहुधा उरत नाहीं. बॉश कंपनीनें १९८६ सालीं जाहीर केलेल्या कॅन पद्धतीनें गाडीचे निरनिराळे संगणक दोन बारीक तारांवरून एकमेकांशीं बोलतात, आणि बायपासचें नवें यंत्र त्याच संभाषणांत सामील होऊन योग्य वेळीं योग्य उत्तर देतें. त्यालाहि कसोटी तीच: एरवीं तें गप्प बसतें कीं नाहीं.

आतां गाडी रिकामी, एंजिन चालू, आणि चोर कांच फोडून आंत बसला असें समजूं. गिअर टाकण्यासाठीं त्याला ब्रेक दाबावा लागणार. रिमोट स्टार्टरची एक तार ब्रेकच्या स्विचाला जोडलेली असते. खरी किल्ली कुलपांत चालूच्या खुणेवर नसतां ब्रेक दाबला कीं एंजिन तत्काळ बंद पडतें. एवढी मोलाची तार, परंतु ती जोडण्याचा कंटाळा करणारेहि आहेत. दुसरी तार बॉनेटच्या स्विचाची. ती नसेल तर बॉनेट उघडून पट्ट्याजवळ हात घातलेल्या मेकॅनिकची बोटें, घरांतल्या मुलानें सहज दाबलेल्या कळीच्या स्वाधीन होतात. हातानें गिअर बदलण्याच्या गाडींत तर विशेषच जपावें लागतें, कारण गिअरांत उभी असलेली गाडी चालू करूं गेल्यास ती पुढें उडी घेते. तेथें चांगलें यंत्र मालकाकडून रोज एक विधि करवून घेतें: गाडी न्यूट्रलमध्यें, हँडब्रेक ओढलेला, एंजिन चालूच ठेवून किल्ली काढावयाची, बाहेर येऊन दार लावावयाचें, आणि मगच एंजिन बंद होतें. मध्यें पुन्हां दार उघडलें गेलें तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं कळ दाबूनहि गाडी हलत नाहीं.

घराला चिकटून असलेल्या बंद गॅरेजांत मात्र हें सुख घेऊं नये. धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं, आणि खिशांत चुकून दाबली गेलेली कळहि एंजिन तितक्याच इमानानें चालू करते.

हिवाळा तोंडावर आला कीं विनिपेगसारख्या शहरांतील दुकानांतून या कामाची गर्दी उडते. मालक गाडी परत घ्यावयास येतो तेव्हां त्याला कळ दाबून चमत्कार दाखविला जातो, आणि बहुतेक जण तेवढ्यावर समाधान मानतात. जाणता मालक त्या जोडीला आणखी एक गोष्ट मागतो. चिप नसलेली, नुसत्या धातूची कापलेली एक साधी किल्ली तो बरोबर आणतो, कारागिरासमक्ष कुलपांत घालतो आणि फिरवितो. दार उघडतें, कुलूप फिरतें, दिवे लागतात. आणि एंजिन चालू राहिलें नाहीं, म्हणजे तो पैसे काढतो.